हजार डॉलरमध्ये पहिली एल्कची शिकार : आमची नोंदवही

१४ जानेवारी २०२४, रविवार, भोगी

दाजींच्या घरी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाता खाता ठरलं, यंदा एल्कच्या शिकारीला जायचं. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, मूळचे कोल्हापूरचे. आम्ही दोघंही डेन्व्हरच्या उपनगरात राहतो, दोघांकडे ग्रीन कार्ड, आणि बंदुकीचा अनुभव दोघांनाही शून्य. दाजींचे आजोबा पारधीला जायचे म्हणे. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि तिकडे तो विषय संपला. इथे कोलोरॅडोत एल्क अडीच लाखांच्या वर आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच राज्यात इतके नाहीत, आणि शिकार रीतसर परवान्याने होते.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ समजा. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या घरात जातो.

गाइड घेऊन गेलं तर काही हजार डॉलर लागतात. ते आपलं काम नाही. माझ्यापुरतं बजेट १,००० डॉलर, खाणं सोडून. आई फोनवर एवढंच म्हणाली, "एवढं शिकून हेच राहिलं होतं का?"

२५ फेब्रुवारी

हंटर एज्युकेशनचा दोन दिवसांचा वर्ग झाला. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हे प्रमाणपत्र असल्याशिवाय परवाना मिळत नाही. वर्गात बहुतेक १२-१३ वर्षांची पोरं, मागच्या बाकावर आम्ही दोन टक्कल पडू लागलेले विद्यार्थी. कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची हे एका मुलीने दाजींना करून दाखवलं.

खर्च २० डॉलर. वर्ष सुरळीत जाणार असं वाटलं.

२ एप्रिल

पहिली चूक, आणि पूर्णपणे माझी. परवान्यांच्या सोडतीचा अर्ज भरायची मुदत आज रात्री ८ पर्यंत होती. मी साडेसातला बसलो. मोठ्या प्राण्यांच्या सोडतीत उतरायचं तर आधी एक पात्रता परवाना विकत घ्यावा लागतो (वसंतातल्या टर्कीचा किंवा वर्षाचा लहान शिकारीचा वगैरे), हे मला तेव्हा कळलं. तो कुठला घ्यायचा हे वाचता वाचता आठ वाजून गेले.

मादीचा परवाना सोडतीतून मिळाला असता तर काम सोपं झालं असतं. माद्या संख्येने जास्त, आणि शिंगं मोजत बसावं लागत नाही. आता उरला दुसरा रस्ता: रायफलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामासाठी बऱ्याच युनिटांत (म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) नराचे परवाने सोडतीविना दुकानातून मिळतात. नर मिळण्याची शक्यता कमी, गर्दी जास्त. पण पहिल्या वर्षी जायला तरी मिळतं.

११ मे

रायफल घेतली. जुनी, .३०-०६ मापाच्या काडतुसाची, बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची), वर स्कोप म्हणजे नेम धरायची दुर्बीण लावलेली. एका माणसाकडून, पण दुकानामार्फत, कारण कोलोरॅडोत खाजगी विक्रीलाही पार्श्वभूमी तपासणी लागते. तपासणीच्या फीसकट ४३० डॉलर. फॉर्मवर ग्रीन कार्डचा नंबर लिहावा लागला. निकाल 'डिलेड' आला आणि तीन दिवस थांबावं लागलं.

एच-वन-बीवाल्या मित्रांनी विचारलं म्हणून इथेच लिहून ठेवतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. त्याला जे अपवाद आहेत त्यांत एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा एक आहे. म्हणजे क्रम उलटा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची रायफलही नेमबाजीच्या मैदानावर उचलू नका.

एल्कसाठी राज्याचा नियम: कॅलिबर किमान .२४, गोळी किमान ८५ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि लागल्यावर पसरणारी, १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ताकद. .३०-०६ या सगळ्याच्या कितीतरी वर आहे. दाजींना आणखी दणदणीत काहीतरी हवं होतं. ते आणलंही असतं, पण ताईने किंमत विचारली.

एकूण: ४५०.

२२ जून, २९ जून, ६ जुलै

तीन शनिवार वाया गेले, त्याची ही एकत्र नोंद.

पहिल्या दिवशी १०० यार्डांवर गोळ्या ताटाएवढ्या जागेत पसरल्या. वाटलं, मीच दचकतोय. दुसऱ्या दिवशी वाळूची पिशवी खाली घेऊन, श्वास रोखून, सगळं शिस्तीत केलं. तरी आठ इंच. स्कोपचे गुंडे फिरवत गेलो, गोळ्या आपल्या मर्जीने कुठेही जात राहिल्या. दोन खोकी काडतुसं संपली, एका खोक्याला ३८ डॉलर. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी येऊन स्कोप दोन बोटांनी धरला आणि हलवला. हलला! स्कोपच्या खालचा बेस ज्या स्क्रूंनी रायफलला बसतो त्यातले दोन ढिले होते. विकणाऱ्याने ढिले ठेवले असतील किंवा नसतील, तपासायला हवे होते मी.

नवा बेस, रिंगा आणि मोजून पिळता येईल असा स्क्रूड्रायव्हर: ५५ डॉलर. तिसऱ्या शनिवारी अडीच इंचांत तीन गोळ्या आल्या. १८० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी बसवली, म्हणजे २०० यार्डांवर नेमकी लागते.

काडतुसं ११४, मैदानाची फी ३०, बेस ५५. एकूण ६४९. जुनी रायफल घेणाऱ्याने पहिली गोळी मारण्याआधी ते स्क्रू बघावेत. माझे जवळजवळ ४० राउंड त्या दोन स्क्रूंनी खाल्ले.

२० जुलै

वापरलेली ८ बाय ४२ची दुर्बीण ११० डॉलरला. लष्करातून बाहेर पडलेली लोखंडी-कॅनव्हासची जुनी पाठपिशवी, फ्रेमसकट, ७० डॉलरला. माझ्याकडे राजगड-हरिश्चंद्रगडाच्या काळातली सॅक होती. तिच्यात दोन दिवसांचे कपडे बसतात, एल्कची मांडी नाही. तसं वजन फ्रेमला बांधावं लागतं.

एकूण ८२९.

६ ऑगस्ट

आजपासून सोडतीविना परवाने विक्रीला. राज्यात सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्यांना रहिवाशाचा दर, तो यंदा साठ-सत्तर डॉलरच्या मध्ये. वर हॅबिटॅट स्टँप, म्हणजे वन्यजीवांच्या अधिवासासाठीची फी. मला सगळं मिळून ८० पडले. याच कागदाला बाहेरच्या राज्यातून येणारा साडेसातशेच्या वर मोजतो. टेक्सासमधल्या मित्राला आमचं हजाराचं बजेट सांगितलं, तर तो म्हणाला, "माझं परवान्यातच संपलं असतं."

दुसरा हंगाम २६ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, तिसरा ९ ते १५ नोव्हेंबर. आम्ही दुसऱ्यासाठी निघालो होतो. बायकोने कालनिर्णय उघडून समोर ठेवलं. वसुबारस ते भाऊबीज, अख्खी दिवाळी त्या नऊ दिवसांच्या आत. "लक्ष्मीपूजनाला रानात बसायचं असेल तर पाडव्यालाही तिकडेच राहा." तिसरा हंगाम घेतला.

एकूण ९०९.

१७ आणि १८ ऑगस्ट

क्रेमलिंग गावाच्या आसपासचा डोंगर निवडलाय. युनिटचा नंबर देत नाही, राग मानू नका. इथले शिकारी बँकेचा पिन सांगतील, पण जागा सांगणार नाहीत, आणि आता मीही त्यांच्यातलाच.

महिनाभर रोज रात्री नकाशे बघत होतो. राज्याचा शिकारीचा नकाशा ऑनलाइन फुकट आहे. वन खात्याचा गाड्यांच्या रस्त्यांचा नकाशाही फुकट, त्यावर कुठला रस्ता कुठल्या महिन्यात बंद तेही असतं. सरकारी जमिनीचा एक सुंदर तुकडा सापडला होता: दक्षिणेकडे उतार, वर देवदारासारखी झाडी, खाली पाणी, आणि थेट आत जाणारा रस्ता.

प्रत्यक्षात त्या रस्त्यावर अर्ध्या मैलावर फाटक आणि कुलूप. पुढचा पाऊण मैल खाजगी रँचमधून जातो. नकाशावर रस्ता होता, वहिवाटीचा हक्क नव्हता. तो तुकडा चारही बाजूंनी खाजगी जमिनीने वेढलेला आहे आणि सार्वजनिक जमिनीला फक्त कोपऱ्याला कोपरा लावून चिकटतो. तो कोपरा ओलांडणं कायदेशीर का, यावर तेव्हा कोर्टकज्जे चालू होते. आम्हाला आमच्या नावाचा खटला नको होता. शनिवार गेला.

रविवारी दुसऱ्या बाजूने चालत गेलो. माझे ६५ डॉलरचे सेलमधले बूट चौथ्या मैलाला तळापासून उकलले. दाजींनी त्यांच्या बॅगेतली कपडे वाळत घालायची दोरी बांधून दिली. परत येईपर्यंत दोन्ही टाचांना फोड.

पेट्रोलचा वाटा ४५, बूट ६५. एकूण १,०१९. बजेट संपलं, आणि अजून रान नीट बघितलेलंही नाही.

२१ आणि २२ सप्टेंबर

गणपती उठल्यावर पुन्हा गेलो. या वेळी नवे बूट, १८० डॉलर, घरात आणि ऑफिसात तीन आठवडे घालून मऊ केलेले. इतका महाग जोड मी लग्नातही घेतला नव्हता. एकही फोड आला नाही. पहिल्यांदाच हे घेतले असते तर ६५ वाचले असते.

सार्वजनिक रस्त्यापासून सव्वादोन मैल आत, साधारण ९,५०० फुटांवर, एका ओढ्याच्या वरच्या अंगाला जागा सापडली. ताज्या लेंड्या, झाडांच्या साली शिंगांनी खरवडलेल्या, चिखलात ठसे. संध्याकाळी नराची आरोळी ऐकली. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ. एवढ्या अवाढव्य जनावराच्या गळ्यातून शिट्टीसारखा बारीक, चढत जाणारा आवाज येतो. दाजी कुजबुजले, "सनईवाला सूर लावतोय."

तिसऱ्या हंगामापर्यंत ही आरोळी बंद झालेली असते आणि नर माद्यांपासून वेगळे होऊन दाट झाडीत पडून असतात, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. ऐकलेल्या आवाजावर आम्ही नोव्हेंबरचा बेत आखला.

पेट्रोल ४५. एकूण १,२४४.

१२ ऑक्टोबर, दसरा

दाजींनी हट्टाने शस्त्रपूजा केली. रायफल, दोन सुऱ्या, दुर्बीण, आणि माझ्या आग्रहाने बूट. कुंकू स्कोपच्या भिंगावर उडालं, ते काढण्यात अर्धा तास गेला.

दुपारी कापायचा सराव. ओळखीच्या फार्मवरून बकऱ्याची एक मांडी आणि एक फरा आणून दाजींनी हाड कसं सोडवायचं ते शिकवलं. आजोबांबरोबर जत्रेला बकरं सोललेलं असल्याने त्यांचा हात बसलेला आहे. रानात एल्क सोलतात ती पद्धत अशी: पोट न फाडता, एका कुशीवर ठेवून, वरचं कातडं काढून मांडी, फरा आणि पाठीच्या कण्यालगतचं मांस सोडवायचं, मग कूस बदलून दुसरी बाजू. नर की मादी हे ओळखता येईल असा अवयव मांसाला नैसर्गिकपणे जोडलेला ठेवावा लागतो, नाहीतर दंड.

मांसाच्या पिशव्या विकत घेतल्या नाहीत. आईची दोन जुनी सुती लुगडी आणि एक पलंगपोस, बायकोने मशीनवर शिवून सहा पिशव्या केल्या. कापड हवा खेळू देणारं हवं, प्लॅस्टिक अजिबात नको. बर्फातसुद्धा मांडीच्या आतलं मांस हाडापाशी तासन् तास गरम राहतं आणि तिथूनच आंबतं.

सुरीची पाती, दोरी, धागा ३५. केशरी जाकीट आणि टोपी २२. कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी हवंच, शिवाय चारी बाजूंनी दिसेल अशी टोपी. मला ऑफिसातल्या सहकाऱ्याने केशरी ठिपक्यांचं कॅमो जाकीट देऊ केलं होतं. ते नियमात बसत नाही.

एकूण १,३०१.

२६ ऑक्टोबर

शेवटचा सराव. आणखी दोन खोकी ७६, मैदान १०. या वेळी बाकावर टेकून नाही, तर गुडघ्यावर, बसून, आणि पाठपिशवीवर रायफल ठेवून. टेकून अडीच इंच येणारा माणूस गुडघ्यावर २०० यार्डांना दहा इंचांत कसाबसा मारतो. स्वतःसाठी मर्यादा लिहून खिशात ठेवली: २०० यार्ड, टेका असेल तरच.

वापरलेला प्रोपेन हीटर ६०. चाकांच्या साखळ्यांचा निम्मा वाटा ४५. आय-७० महामार्गावर डोंगराच्या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरच्या नक्षीची खोली ३/१६ इंच लागते, तीही मोजून घेतली.

एक भलताच शोध: माझं शिकारीचं जाकीट स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात होतं. बायकोने हुंगून सांगितलं, "हिंगाचा डबा वाटतोय." फोडणीचा वास एल्कला मैलावरून आला असता. बिनवासाच्या साबणाने धुऊन आठ दिवस बाल्कनीत टांगलं.

एकूण १,४९२.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

डेन्व्हरात दोन दिवस बर्फ. दोन तासांच्या रस्त्याला पाच तास लागले. शेवटच्या तीन मैलांना साखळ्या चढवल्या. अंधारात, पहिल्यांदाच, गारठलेल्या बोटांनी. हा सराव घराच्या ड्राइव्हवेमध्ये करायचा असतो. ४० मिनिटं.

राष्ट्रीय वनात मोकळ्या जागी तंबू ठोकायला पैसे पडत नाहीत. ९,००० फुटांवर तंबू लावला, हीटर पेटवला, चार मिनिटांत विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. दाजींनी सिलेंडर बदलला. मग माहितीपत्रक वाचलं (हो, तेव्हा): प्राणवायू कमी झाला की बंद पडणारी सुरक्षा यात आहे, आणि ७,००० फुटांच्या वर ती विरळ हवेलाच फसून हीटर बंद करू शकते. ६० डॉलरचा दगड. रात्री पाण्याच्या बाटल्या गोठल्या. नंतर रोज उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून झोपायच्या पिशवीत पायाशी घेतलं. त्याला खर्च शून्य.

जमलेली गोष्ट एक: प्रेशर कुकर. या उंचीवर पाणी ९१ अंशांनाच उकळतं, डाळ तासभर टणकच राहते. शेजारच्या तंबूतले दोघं अर्धकच्चा पास्ता चावत होते. आमच्याकडे तीन शिट्ट्यांत खिचडी. शिट्टी ऐकून ते धावत बघायला आले.

९ नोव्हेंबर

पहाटे चारला निघालो. शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. उजाडलं तेव्हा समोरच्या सोंडेवर केशरी टोप्यांची दिंडी. एकूण अकरा माणसं मोजली. एल्क एकही नाही.

१० नोव्हेंबर

सगळे लोक रस्त्यापासून मैलभराच्या आत असतात, हे काल कळलं. आम्ही सव्वादोन मैल आतल्या आमच्या जागेवर गेलो. सात माद्या आणि एक काटकुळ्या शिंगांचा पोरगेला नर, उतारावर चरताना. आम्ही त्यांच्या खाली, ३०० यार्डांवर.

इथे शिकलो ते कुठल्याही वस्तूपेक्षा महत्त्वाचं निघालं. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, म्हणून खाली असणं बरोबर होतं. नाकात घालायच्या औषधाची रिकामी बाटली, तिच्यात तांदळाचं पीठ, दाबलं की वारा दिसतो. पावणेनऊपर्यंत पीठ आमच्याकडे येत होतं. आम्ही चहाचा थर्मास उघडला. साडेनवाला ऊन उतारावर पडलं, हवा तापून वर जायला लागली, आणि कोणी पीठ दाबून बघितलं नाही. एका मादीने मान वर केली. तीस सेकंदांत डोंगर रिकामा.

त्यांच्यात मारण्यासारखा नर नव्हताच. एका शिंगाला किमान चार टोकं किंवा कपाळालगतचा पहिला फाटा पाच इंच लांब, असा इथला नियम. पण असता, तरी गेलाच असता.

११ नोव्हेंबर

हे लिहू की नको, असं झालं होतं.

संध्याकाळी, पावणेपाचचा अंधुक उजेड. ओढ्याकाठच्या झुडपांत मोठं, काळपट जनावर. दाजींनी रायफल टेकवली. मी दुर्बिणीतून बघत होतो आणि "आहे, शिंगं आहेत" असं म्हणालो. दाजींचा अंगठा सेफ्टीवर. मग त्याने डोकं फिरवलं. लांबुळकं, लोंबणारं नाक, गळ्याखाली झालर, पुठ्ठ्यावर फिकट डाग नाही. मूस होता, एल्कहून मोठं, वेगळ्याच जातीचं हरीण.

मूसचा परवाना इथे कित्येक वर्षं अर्ज करूनही मिळत नाही, आणि दरवर्षी कोणी ना कोणी एल्क समजून मूस मारतो. आम्ही तेच करणार होतो. तंबूत परत येईपर्यंत दोघंही बोललो नाही. दाजींनी गोळ्या काढून ठेवल्या आणि म्हणाले, "उद्यापासून तू 'आहे' म्हणायचं नाही. काय दिसतंय ते सांगायचं. रंग, नाक, ढुंगण. ठरवीन मी."

तेव्हापासून तसंच करतो. माझ्या हातात रायफल असेल तर ते सांगतात, मी ठरवतो.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

आईचा निरोप आला होता, आज तरी काही मारू नका. दाजी धर्मसंकटात. तोडगा: उपास करायचा, रान फिरायचं, आणि बाकीचं पांडुरंगावर. गारठ्यात साबुदाणा नीट भिजला नव्हता, खिचडीचे खडे झाले.

आणि आजच नर दिसला. पाच टोकं, दोन्ही बाजूंना, शंकाच नाही. समोरच्या सोंडेवर, नकाशावर मोजून साधारण ३४० यार्ड. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातला कागद काढला. ओढा उतरून जवळ जायचं ठरलं. दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर प्रत्येक पाऊल पापड मोडल्यासारखं वाजत होतं. ५० मिनिटांनी तिथे पोहोचलो तेव्हा बर्फात बसल्याची जागा होती, अजून ओलसर.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बघ."

१३ नोव्हेंबर

आमचा शेवटचा दिवस. सकाळी साडेआठला, आमच्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला, सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ एका मेलेल्या नराशेजारी बसलेले. बहुधा आमचाच, पाच बाय पाच. पहाटे ११० यार्डांवरून मारला होता. त्यांचा जोडीदार आदल्या दिवशी गुडघा दुखावून घरी गेला होता. रस्ता सव्वादोन मैल, मध्ये हजारेक फुटांची चढण, आणि जनावर त्यांच्या वजनाच्या चौपट.

आम्ही रायफली रिकाम्या करून झाडाला टेकवल्या. दाजींनी सुरी काढली. सोलायला अडीच तास लागले. बकऱ्याच्या मांडीवर शिकलेला खुब्याचा सांधा इथेही तसाच, फक्त माझी अख्खी मूठ आत बसेल एवढा. मांस आईच्या लुगड्यांत गुंडाळलं. गृहस्थांनी काठाची नक्षी बघून विचारलं, हे कापड कुठे मिळतं. सांगितलं, कराडला.

एक मागची मांडी हाडासकट ७० पौंडांच्या आसपास. पहिली खेप सव्वातीन तास. अर्ध्या चढणीवर माझ्या जुन्या लष्करी पिशवीचा डावा पट्टा शिवणीतून सुटला. त्यानंतरचा मैल एका खांद्यावर. तिघांनी दोन-दोन खेपा केल्या. म्हणजे गृहस्थांनी पाठीच्या पट्ट्यातलं मांस आणि डोकं आणलं, बाकी आम्ही. शेवटची पिशवी गाडीत टाकली तेव्हा सात वाजले होते. दोघांनी मिळून एक एल्क काढायचा आमचा मूळ बेत 'तीन तासांत होईल' असा वहीत लिहिलेला आहे. ते पान फाडलेलं नाही.

त्यांनी १५ पौंड मांस दिलं, सोबत सही केलेली चिठ्ठी: नाव, परवान्याचा नंबर, तारीख, प्राणी, वजन. अशा चिठ्ठीशिवाय दुसऱ्याने मारलेलं मांस गाडीत ठेवू नये.

पेट्रोल ५०. एकूण १,५४२ डॉलर. हजाराच्या बजेटवर ५४२ जास्त. त्यातले ६५चे बूट, ६०चा हीटर आणि ढिल्या स्क्रूंपायी उडालेली साधारण ७५ची काडतुसं म्हणजे सरळ वाया गेलेले पैसे.

२४ नोव्हेंबर

गृहस्थांनी डोकं क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या तपासणीला दिलं होतं. हरणांच्या मेंदूचा हा रोग इथल्या कळपांत आहे, आणि लागण झालेलं मांस खाऊ नका असा आरोग्य खात्याचा सल्ला. शुक्रवारी त्यांचा फोन आला, रोग आढळला नाही. तोवर मांस फ्रीजरमध्ये, चिठ्ठीसकट.

मार्गशीर्ष लागायला आठवडा होता, म्हणून आजच केलं. पहिला घाट चुकला: मटणासारखं कुकरला सहा शिट्ट्या. एल्कला चरबी जवळजवळ नसते, तुकडे सुतळीसारखे झाले. दुसरा घाट ताईने केला, पाठीचं मांस पातळ कापून तव्यावर, दोन मिनिटं, वर कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी. आईने व्हिडिओवर बघितलं आणि लुगड्यांचं काय झालं ते विचारलं. डाग निघाले नाहीत.

१ मार्च २०२५

लहान शिकारीचा वार्षिक परवाना घेतला, म्हणजे या वेळी सोडतीला पात्र. मुदत १ एप्रिल, अर्ज आजच भरून टाकला. पहिली पसंती मादी, तोच डोंगर. हीटर विकला, २५ आले.

पिशवीचा पट्टा दाभण आणि मेणाच्या दोऱ्याने स्वतः शिवला. तो टिकतो का बघायला फ्रेमवर वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या तीन पिशव्या बांधून रोज संध्याकाळी बिल्डिंगचा जिना चढतो. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकूंनी काल विचारलं, भाई, दुकान टाकताय का?